पाप, गुन्हा आणि मंडळी



समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. तेव्हापासून आपल्या गटांच्या बैठकांमध्ये या विषयावर चर्चा चालूच आहे आणि पत्रंही येत आहेत. त्यातल्या दोन पत्रांनी या संपादकीयाचा विषय ठरवला.

पहिलं पत्र एका जिल्ह्याच्या गावी सल्लाकेंद्र चालवणाऱ्या गटाचं आहे. त्यांच्याकडे बारा वर्षं काम करणारी एक कार्यकर्ती ख्रिस्ती आहे. मारहाणीच्या, हुंड्याच्या केसेस घेऊन ती रात्री-अपरात्री पोलीस स्टेशनात बसली आहे. आता ती म्हणते, ‘समलिंगी संबंध हे माझ्या धर्मात पाप आहे. अशा मुलींची केस माझ्याकडे देऊ नका, माझं मन मला खाईल.’ गटातल्या तरुण मुलींचं म्हणणं, हिला केंद्रावरून काढा. जुन्या बायकांचं म्हणणं, हिच्याइतकी भरवशाची बाई दुसरी नाही. गट विचारतो, आम्ही काय करावं?

दुसरं पत्र एका तरुण मुलीचं आहे, आणि ते चारच ओळींचं आहे. ती लिहिते, की लेस्बियन मैत्रिणींच्या गटात मी दर रविवारी मिस्साला जाते हे सांगायची चोरी, आणि मिस्साला आलेल्या बायकांत मी लेस्बियन आहे हे सांगायची चोरी. मी पूर्ण अशी कुठे बसू?

ही दोन पत्रं एकमेकींसमोर ठेवली की प्रश्न नीट दिसतो. वर्तमानपत्रात तो ‘धर्म विरुद्ध समलिंगी’ असा रंगतो, जणू दोन वेगळ्या वस्त्यांची भांडणं. प्रत्यक्षात तो एकाच घरात, एकाच बाकावर आणि पुष्कळदा एकाच बाईच्या मनात असतो.

आधी कायद्याचं पाहू, कारण तिथे गोष्टी स्पष्ट आहेत. भारतीय दंडविधानातलं ३७७ कलम १८६० सालचं. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेची शिक्षा त्यात होती. त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्यापाशी पोचतो. त्याआधी तिथे हा गुन्हा चर्चच्या न्यायालयांच्या अखत्यारीत होता. राजाने तो आपल्या हातात घेतला. म्हणजे पाप म्हणून जे मानलं जात होतं त्याला फाशीचा गुन्हा करण्यात आलं, आणि पुढे तीच कल्पना साम्राज्याबरोबर आपल्याकडे आली. ‘समलिंगी असणं ही पाश्चात्त्य आयात’ असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की आयात झाला तो त्याविरुद्धचा कायदा.

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं हे कलम बाजूला केलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेणाऱ्यांची यादी पाहण्यासारखी आहे. त्यात एक ज्योतिषी होते, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, आणि ख्रिस्ती संघटनांपैकी अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स व उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होत्या. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पुढारी या एका प्रश्नावर एका रांगेत उभे राहिले. आपल्याला याचं नवल वाटू नये. बाईच्या पोटगीचा, वारशाचा किंवा गर्भपाताचा प्रश्न आला की हीच रांग लागलेली आपण पाहिली आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा जिवंत केलं आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही असा निकाल दिला. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलमच नाही.

पण ख्रिस्ती समाज म्हणजे एवढ्या दोन संघटना नव्हेत. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप, कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे सांगितलं, की समलिंगी विवाह चर्चला मान्य नाही, पण समलिंगी माणसांना चर्चने कधी गुन्हेगार मानलेलं नाही. नागपूरला मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाने प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये या विषयावर अभ्यासवर्ग घेतले, पाळकांना बोलतं केलं. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मुलाखतीत समलिंगी असणं हा गुन्हा नाही असं म्हटलं, पाप आणि गुन्हा यांत फरक करा असं सांगितलं, आणि एकमेकांशी दयेने न वागणं हेही पापच असल्याची पुस्ती जोडली. त्याच वर्षी डिसेंबरात व्हॅटिकनने अशा जोडप्यांना, विवाहविधीशी गल्लत होणार नाही अशा साध्या रीतीने, आशीर्वाद द्यायला धर्मगुरूंना मुभा दिली. आफ्रिकेतल्या बिशपांनी त्याला उघड विरोध केला. थोडक्यात, भांडण चर्चच्या आतही आहे.

मग पाप आणि गुन्हा वेगळे केले, की आपलं काम संपलं का? पुरुषांच्या बाबतीत पोलीस, ब्लॅकमेल आणि कोठडी यांचा धाक मोठा होता. तो बराच कमी झाला. मुलींच्या बाबतीत ३७७ कलम प्रत्यक्षात क्वचितच लावलं गेलं. त्यांची कोठडी घरातच असते. फोन काढून घेणं, शिक्षण थांबवणं, कुलूप लावणं, घाईने लग्न उरकणं, पळून गेल्या तर मैत्रिणीवर अपहरणाची तक्रार. यासाठी ३७७ कलम लागत नव्हतं आणि ते गेल्याने हे थांबलेलंही नाही. या घरांत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती सगळी आहेत. ख्रिस्ती घरात याला आणखी एक जोड मिळते: उपासप्रार्थना, हात ठेवून ‘बरं करणं’, आणि समुपदेशनाच्या नावाखाली मुलीला ‘सरळ’ करण्याचे प्रयत्न. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मदुराईच्या दोन तरुण मुलींच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिले आणि त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. डॉक्टरला जे करता येत नाही ते प्रार्थनासभेत केलं तर चालतं, असं कसं म्हणायचं?

आता श्रद्धेचा भाग. इथे आपल्यापैकी बऱ्याच जणी बिचकतात. ‘तो त्यांचा धर्म, आपण काय बोलणार?’ मला वाटतं, बोलायला हवं, पण बाईच्या जागेवरून बोलायला हवं. धर्मग्रंथ आपल्याला कसे वाचून दाखवले जातात याचा अनुभव आपल्याइतका कुणाला नाही.

समलिंगी संबंधांविरुद्ध बायबलमधल्या मोजक्या सहा-सात जागा पुढे केल्या जातात. त्यातली सर्वांत प्रसिद्ध सदोम नगरीची, उत्पत्तीच्या १९ व्या अध्यायातली. लोटाच्या घरी पाहुणे येतात. गावातले पुरुष दार ठोठावून त्यांना बाहेर काढ म्हणतात. पाहुण्यांना वाचवण्यासाठी लोट काय करतो? आपल्या दोन कुमारिका मुली जमावाला देऊ करतो. या प्रसंगावर प्रवचन ऐकलेल्या किती बायकांना त्या दोन मुलींबद्दल एक शब्द ऐकवला गेला? ही कथा सामूहिक बलात्काराच्या धमकीची आहे. दोन माणसांच्या राजीखुशीच्या प्रेमाबद्दल ती काहीच सांगत नाही. सदोमचं पाप कोणतं, याचं उत्तर खुद्द यहेज्केल संदेष्टा १६ व्या अध्यायात देतो: गर्व, अन्नाची रेलचेल, आणि गोरगरिबांना हात न देणं.

दुसरी जागा पौलाची. करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या ६ व्या अध्यायाचा दाखला हमखास येतो. त्याच पत्राच्या ११ व्या अध्यायात बाईने डोकं झाकावं असं आहे आणि १४ व्या अध्यायात मंडळीत बायकांनी गप्प राहावं असं आहे. चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ मध्ये स्त्रीला पाळकपदाची दीक्षा दिली आणि २०१३ मध्ये आंध्रातल्या नंद्याल इथे स्त्री बिशप नेमली. म्हणजे १४ वा अध्याय त्या काळाच्या संदर्भात वाचायचा असतो हे मंडळीला पटलेलं आहे. मग ६ वा अध्याय संदर्भाशिवाय का वाचायचा, हा प्रश्न एखाद्या ख्रिस्ती मुलीने विचारला तर ती धर्मबुडवी कशी ठरते?

आणखी एक गोष्ट. समलिंगी संबंधांबद्दल येशूचा एकही शब्द चारही शुभवर्तमानांत नोंदलेला नाही. घटस्फोटाबद्दल मात्र तो स्पष्ट बोलला आहे. तरीही १८६९ च्या घटस्फोट कायद्याविरुद्ध ख्रिस्ती बायका लढल्याच. त्या कायद्याने नवऱ्याला नुसता बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की सुटका होती. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या अन्यायावर बोट ठेवलं, आणि २००१ मध्ये कायदा बदलला. त्या लढ्यात चर्चचे प्रतिनिधीही मसुद्यांच्या बैठकांना बसले होते. त्यांनी विवाह अभंग असल्याची आपली शिकवण सोडली नाही. पण मार खाणाऱ्या बाईला कायद्याने बांधून ठेवणं आणि शिकवण जपणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं त्यांनी मानलं. तेव्हा जे मानता आलं ते आताही मानता येईल. आम्ही त्याहून जास्त मागत नाही.

कॅथलिक शिकवणूक समलिंगी व्यक्तीला आदराने, करुणेने वागवा, तिच्यावर अन्याय्य भेदभाव करू नका असं सांगते, आणि त्याचबरोबर तिने आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळावं असंही सांगते. काही श्रद्धावंत समलिंगी व्यक्ती मनापासून ही वाट निवडतात. त्यांची टिंगल आपल्या बैठकीत होता कामा नये. पण आपल्यात ज्या सिस्टर्स आहेत त्यांना मी विचारते: तुम्ही व्रत घेतलंत ते किती वर्षांच्या तयारीनंतर? मधल्या काळात तुम्हाला घरी परतायची मोकळीक होती की नव्हती? जबरदस्तीने घेववलेलं व्रत तुमचं चर्चही व्रत मानत नाही. मग वीस वर्षांच्या मुलीला, तिने न मागितलेलं व्रत, तिला न विचारता कसं देता येतं?

आता तिसरी बाजू, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. काही मैत्रिणी म्हणतात, ‘ही वेळ नाही. ख्रिस्ती समाजावर हल्ले चालू असताना आपण चर्चवर टीका केली की ती कुणाच्या हाती पडेल?’ ही भीती खरी आहे. १९९८ चा डिसेंबर आठवा. महिन्याच्या सुरुवातीला मुंबईत दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ चित्रपटाचे खेळ शिवसैनिकांनी बंद पाडले. त्याच महिन्यात नाताळाच्या दिवसापासून गुजरातेतल्या डांगमध्ये चर्चेसवर हल्ले सुरू झाले. पुढच्याच महिन्यात ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं जिवंत जाळली गेली. लेस्बियन बाई परकी, ख्रिस्ती माणूस परका. दोघांनाही ‘हे आमच्या संस्कृतीत नाही’ असंच सुनावण्यात आलं. २००८ मध्ये कंधमाल झालं. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टर्सना अटक झाली. अनेक राज्यांतले धर्मांतरविरोधी कायदे प्रौढ बाईला स्वतःचा धर्म आणि स्वतःचा जोडीदार निवडण्याइतकी अक्कल आहे हेच मानत नाहीत.

हा पेच आपल्याला नवा नाही. शाहबानोपासून आपण तो सोसतो आहोत. मुस्लिम बाईच्या पोटगीची बाजू घेतली की जमातवादी टाळ्या वाजवतात, आणि गप्प बसलं की ती बाई एकटी पडते. त्यातून आपण जो धडा घेतला तो इथेही लागू आहे: अल्पसंख्य समाजावरच्या हल्ल्याविरुद्ध त्या समाजाबरोबर रस्त्यावर उभं राहायचं, आणि त्या समाजातल्या बाईवर घरात अन्याय झाला तर तिच्याबरोबर घराच्या दारात उभं राहायचं. दोन्ही ठिकाणी बाई तीच असते. डांगच्या चर्चमधून पळालेल्यांतही लेस्बियन मुली असतीलच की.

आणि आपल्या भाषेकडेही जरा पाहू या. ‘मिशनरी छाप’, ‘पाद्र्याची चेली’ असे शब्द आपल्या बैठकांत सहज फेकले जातात. महाराष्ट्राच्या स्त्रीमुक्तीच्या परंपरेत पंडिता रमाबाईंचं नाव आपण मानाने घेतो. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर लगेच आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी धर्मसिद्धान्तांवरून वाद घातला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या दावणीला बांधून घ्यायला त्या तयार नव्हत्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी स्वतः बायबल मराठीत आणलं, आणि केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायकांनी ते छापलं. श्रद्धा सोडली नाही आणि विवेकही गहाण टाकला नाही. हे दोन्ही एका बाईत राहू शकतं, याचा पुरावा आपल्या घरातच आहे.

तर त्या गटाच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या संपादक मंडळात यावर एकमत झालं नाही. एकीचं म्हणणं, केंद्राच्या दारात भेदभाव म्हणजे भेदभाव. त्याला श्रद्धेचं नाव दिलं म्हणून तो वेगळा होत नाही. उद्या कुणी म्हणेल, माझी जात मला अमुक बाईला शिवू देत नाही. हा मुद्दा हलका नाही. म्हणून खाली लिहिते ते माझं मत समजा.

आमच्या केंद्रात पूर्वी एक कॅथलिक सिस्टर काम करत. गर्भपाताच्या केसेस त्या घेत नसत. १९७१ च्या कायद्याने बाईला जो मार्ग दिला तो त्यांच्या विवेकाला मान्य नव्हता. पण अशी बाई आली की त्या तिला पाणी देत, बसवत, आणि हाताला धरून दुसऱ्या कार्यकर्तीकडे आणून सोडत. एकही बाई त्यांच्यामुळे परत गेली नाही, एकीलाही त्यांनी पापाचं प्रवचन दिलं नाही, आणि एकीचंही नाव त्यांच्या तोंडून बाहेर गेलं नाही. मी या अनुभवावरून सीमारेषा आखते. आशीर्वाद द्यायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. दार उघडायचं की नाही हा केंद्राचा नियम, आणि त्याला अपवाद नाही.

म्हणजे त्या कार्यकर्तीला काढू नका. पण तिच्यासमोर चार गोष्टी स्पष्ट ठेवा. दारात आलेली मुलगी आत घेतली जाईल. तिचं गुपित आईबाप, पाळक, फादर कुणालाही कळवलं जाणार नाही. तिला बरं करण्याची भाषा केंद्रात होणार नाही. आणि मारहाण, कोंडून ठेवणं, जबरीचं लग्न हे असेल तर ती हिंसेची केस आहे. ती इतर हिंसेच्या केसेससारखीच हाताळली जाईल, आणि त्या रात्री केंद्रावर ही एकटीच असेल तर हीच हाताळेल. हे तिला मान्य असेल तर तिची श्रद्धा तिच्यापाशी. मान्य नसेल तर तिने ते काम सोडावं आणि गटाने तिला सन्मानाने दुसरं काम द्यावं. बारा वर्षं जिने मार खाणाऱ्या बाईला ‘नवरा म्हणजे परमेश्वर’ असं कधी ऐकवलं नाही, तिला हे समजणार नाही असं मला वाटत नाही. पवित्र शास्त्रात पतीच्या अधीन राहा असंही लिहिलेलं आहे. ते बाजूला ठेवून ती रात्री पोलीस स्टेशनात गेलीच ना?

तरुण मैत्रिणींनाही एक विनंती. तुमचा राग रास्त आहे. पण जिचं मत बदलायचं तिला बाहेर काढलं तर मत बदलणार कुठे? खरं तर त्या गावातल्या ख्रिस्ती आया तुमच्यापेक्षा तिचंच जास्त ऐकतील.

चार ओळी लिहिणाऱ्या मैत्रिणीस: तुझ्यासारख्या आणखी काही जणींची पत्रं आमच्याकडे आहेत. नावं आम्ही कुणालाच देत नाही. पण तुमची तयारी असेल तर पुढच्या महिन्यात आमच्या कार्यालयात एका शनिवारी दुपारी एकत्र बसता येईल. तिथे रविवारच्या मिस्साबद्दलही बोलता येईल आणि प्रेमाबद्दलही. नाव न देता लिहिलंस तरी चालेल. परतीचा काहीतरी पत्ता मात्र दे.

आणि गटांनो, तुमच्या केंद्रात असा प्रसंग आला असेल तर तुम्ही काय नियम केलेत ते जरूर कळवा. पुढच्या अंकात दोन पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत. मतभेदाची पत्रंही छापू, फक्त कुणाच्या श्रद्धेची किंवा कुणाच्या प्रेमाची टवाळी करणारं पत्र छापणार नाही.

आपली,
संपादक मंडळाच्या वतीने